आईचा फोन फुल्ल, अल्बम पुरात गेलेले, आता फोटो नेमके ठेवायचे कुठे?

वाशिष्ठीकाठ | रात्री १०:१२

नमस्कार मंडळी. एरवी मी वाचनमात्र असते पण आता अगदीच अडलंय म्हणून धागा काढतेय, लांबण लागली तर सांभाळून घ्या.

आईच्या फोनवर गेले पंधरा दिवस स्टोरेज फुल येतंय. फोन ३२ जीबीचा, त्यात निम्मं शुभ सकाळ आणि निम्मी नातवंडं. रविवारी मी मोठ्या उत्साहाने साफसफाईला बसले, गुगल फोटोज उघडून गुलाबाची फुलं, दत्तगुरू, "चहा घेणार का" वाले कप असं धडाधड उडवत सुटले आणि बोट खाली ओढताना कुठेतरी एक अख्खा पट्टाच सिलेक्ट झाला, तोही गेला. कळलं कधी तर आज संध्याकाळी, आईने विचारलं "अगो माझ्या लग्नातला तो बैलगाडीचा फोटो दिसत नाही" तेव्हा.

आता हा पट्टा कसला ते सांगते. आम्ही चिपळूणचे. २२ जुलै २०२१ ला पाणी आलं तेव्हा आमचं घर तळमजल्यावर, आई-बाबा रात्रीच वरच्या बिऱ्हाडात गेले, बरोबर औषधं, घराचे कागद आणि देव एवढंच. लोखंडी कपाटात खालच्या कप्प्यात सात अल्बम होते ते तिथेच राहिले. नंतर नातेवाईकांनी आपापल्या घरी असलेल्या कॉप्या शोधून त्यांचे मोबाईलवर फोटो काढले आणि फॅमिली ग्रुपवर टाकले, असे मिळून ६१ जमले होते. ते ६१ मी परवा उडवले. आईला अजून सांगितलेलं नाही.

तर प्रश्न असे की हे परत मिळतात का, आणि मिळाले तर ठेवायचे कुठे म्हणजे परत कोणाच्या (म्हणजे माझ्या) बोटाखाली येणार नाहीत. कृपया सोप्या भाषेत सांगा, मी बँकेत कामाला असले तरी या बाबतीत ढ आहे.

खटपट्या | रात्री १०:२६

आधी पाणी प्या. गुगल फोटोज उघडा, खाली कलेक्शन्स, त्यात ट्रॅश. बॅकअप चालू असेल तर तिथे ६० दिवस राहतात, बॅकअप नसेल तर ३० दिवस. बोट दाबून सिलेक्ट करा आणि रिस्टोअर. आणि हे झाल्याशिवाय फोनवर बाकी काहीही साफ करू नका प्लीज, विशेषतः ट्रॅश!

वाशिष्ठीकाठ | रात्री ११:०३

मिळाले!!! देव तुमचं भलं करो. ५८ आले. तीन नाहीत, पण ते मला वाटतं आईनेच मागे कधीतरी उडवले असणार. व्हॉट्सॅपवर मूळ मेसेज आहे पण फोटोच्या जागी नुसता धुरकट चौकोन, दाबलं की पाठवणाऱ्याला पुन्हा पाठवायला सांगा म्हणतंय.

खटपट्या | रात्री ११:१५

हां, ते तसंच. व्हॉट्सॅप म्हणजे गोदाम नव्हे, पोस्टमन आहे. तुम्ही फोटो उतरवून घेतला नाहीत तर त्यांच्या सर्व्हरवर तो साधारण ३० दिवस थांबतो आणि जातो, आणि घेतलात तर तो फक्त तुमच्या फोनात. तिथून उडवला की संपलं. पाठवणाऱ्याकडे असेल तर त्यालाच मागा.

आणि एक, बऱ्याच जणांचा गोंधळ होतो म्हणून सगळ्यांसाठीच लिहितो. गुगल फोटोजमधून डिलीट म्हणजे फोनमधूनही डिलीट आणि क्लाऊडमधूनही. फोनातली जागा मोकळी करायची असेल तर "फ्री अप स्पेस" नावाचं वेगळं बटण आहे, ते फक्त बॅकअप झालेल्यांची फोनातली कॉपी काढतं. ही दोन बटणं वेगळी आहेत हे मी आमच्या घरात आतापर्यंत चार जणांना शिकवलंय, त्यातले दोन जण रडून झाल्यावर.

सिंगलचहा | रात्री ११:४०

एवढं डोकं कशाला लावायचं, २ टीबीचा पेनड्राईव्ह मिळतो ऑनलाईन ५९९ ला, घ्या आणि भरा सगळं. हाय काय नाय काय.

दुरुस्तीवाला | रात्री ११:५२

@सिंगलचहा, अहो नका हो असं सांगू. माझं दुकानच आहे मोबाईल-कॉम्प्युटर रिपेअरचं, महिन्याला एक तरी गिऱ्हाईक हा ड्राईव्ह घेऊन येतं. त्याच्या आत ३२ किंवा ६४ जीबीचीच चिप असते आणि कॉम्प्युटरला खोटं सांगायचं शिकवलेलं असतं की मी २ टीबी आहे. तुम्ही भरत जाता, तो घेत जातो, नावं पण सगळी दिसतात फोल्डरमधे, फक्त खरी जागा संपली की पुढचं लिहिलेलं कुठेच जात नाही नाहीतर जुन्यावर बसतं. सहा महिन्यांनी उघडायला जाता तेव्हा निम्मे फोटो करडे. नवा ड्राईव्ह घेतलात तर आधी एचटूटेस्टडब्ल्यू नावाचा फुकट प्रोग्रॅम आहे तो चालवून बघा, तो पूर्ण भरतो आणि परत वाचून बघतो, रात्रभर लागते पण कळतं.

दुसरं मेमरी कार्डाचं. अँड्रॉईडमधे कार्ड घातलं की काही फोन विचारतात, हे पोर्टेबल म्हणून वापरू का इंटर्नल म्हणून. लोक जागा वाढते म्हणून इंटर्नल निवडतात. तसं केलं की कार्ड त्या फोनला कुलूपबंद होतं, किल्ली फोनात. फोन मेला की ते कार्ड दुसऱ्या कुठल्याही फोनात नाहीतर रीडरमधे घाला, फॉरमॅट करू का एवढंच विचारणार. परवाच एक आजी आल्या होत्या नवऱ्याच्या फोनातलं कार्ड घेऊन, काही करता आलं नाही. पैसे घेतले नाहीत पण ते काही उत्तर नाही ना.

सिंगलचहा | रात्री ११:५८

अरे देवा. माझ्याकडे दोन आहेत तसले. एक तर मेहुण्याला दिलाय वाढदिवसाला.

वाशिष्ठीकाठ | सकाळी ७:४८

सर्वांना धन्यवाद. पण मग गुगलवरच ठेवू का? तिथेही आता फुल म्हणतंय, आईच्या जीमेलवर गॅसची बिलं पण येईनाशी झालीत. पूर्वी तर फुकट होतं ना?

खटपट्या | सकाळी ९:२०

होतं. २०१५ ला गुगल फोटोज आलं तेव्हा हाय क्वालिटीत कितीही चढवा असं होतं, ते १ जून २०२१ ला बंद झालं. त्याआधीचे हाय क्वालिटीतले फोटो अजूनही मोजत नाहीत, त्यानंतरचे सगळे त्या १५ जीबीत, आणि ती १५ जीबी जीमेल आणि ड्राईव्हसकट एकत्र. म्हणून फोटोंनी भरलं की मेल पण अडतात. तुमचा पूर २२ जुलैचा म्हणजे योजना संपल्यावर दीड महिन्यानंतरच हे ५८ आले, ते मोजले जाणारच. पण ५८ फोटोंनी काही होत नाही, व्हॉट्सॅपचा एक फोटो २००-३०० केबी, सगळे मिळून १२-१७ एमबी. जागा खाताहेत ते व्हिडिओ. आणि व्हॉट्सॅपचा बॅकअप, तो पण २०२४ पासून याच १५ जीबीत धरतात. आधी स्टोरेज मॅनेजरमधे जाऊन मोठ्या फाईल्स बघा, आईंना कोणी भजनाचे तासातासाचे व्हिडिओ पाठवलेले असतील.

नाहीच भागलं तर १०० जीबीचा प्लॅन वर्षाला १३०० च्या आसपास पडतो, तो घरातल्या अजून पाच जणांबरोबर वाटून घेता येतो आणि एकाचे फोटो दुसऱ्याला दिसत नाहीत. मी सासऱ्यांना जोडलंय, ते मला आता मान देतात.

वाशिष्ठीकाठ | दुपारी १:३५

तुम्ही काय ज्योतिषी आहात का? भजन नाही, पण कोणीतरी पाठवलेलं अख्खं कीर्तन निघालं, तीन भागांत. आणि माझ्याच लेकीच्या गॅदरिंगचा एकच नाच सात वेळा, सात वेगवेगळ्या मावश्यांकडून आलेला. सव्वाचार जीबी मोकळी झाली.

बेएरियाची_मावशी | संध्याकाळी ६:१०

मी थोडं आयफोनवाल्यांसाठी लिहिते कारण आमच्याकडे उलटा त्रास. आयक्लाऊड फुकटात फक्त ५ जीबी. शेअर्ड अल्बम काढून भारतातल्या सगळ्यांना जोडावं म्हटलं तर अर्ध्यांकडे अँड्रॉईड, शिवाय त्यात गेलेला फोटो लहान होऊन जातो, लांब बाजू २०४८ पिक्सेलच. आणि मी नाशिकला दीराच्या कॉम्प्युटरवर फोटो दिले तर उघडेचनात, एचईआयसी प्रकारच्या फाईली म्हणे. २०१७ पासून आयफोन तसेच साठवतो, सेटिंगमधे कॅमेरा, फॉरमॅट्स, मोस्ट कंपॅटिबल केलं की जेपीईजी होतात. हे मला माझ्या मुलाने सांगितलं नाही, दीराच्या सोसायटीच्या वॉचमनने सांगितलं!

कोरा_कागद | रात्री ८:४४

सगळे ठेवायचं बोलताय, बघायचं कोणीच नाही. वाशिष्ठीकाठ, आईंना हातात धरायला हवेत ना फोटो? छापून द्या. व्हॉट्सॅपवरून आलेल्या फोटोची लांब बाजू साधारण १६०० पिक्सेल असते, छपाईला ३०० डीपीआय (इंचाला ३०० ठिपके) धरलं तर १६०० भागिले ३०० म्हणजे सव्वापाच इंच. म्हणजे ६ बाय ४ ची कॉपी छान येईल, १२ बाय १८ करायला गेलात तर सगळ्यांचे चेहरे मेणाचे. पण ज्यांच्याकडे मूळ कागद आहे त्यांना सांगा की परत फोटो काढून डॉक्युमेंट म्हणून पाठवा, पेपरक्लिपच्या चिन्हातून, म्हणजे तो आहे तसा येतो. २०२३ पासून एचडीचं बटण पण आहे पण डॉक्युमेंट ते डॉक्युमेंट.

आणि फोटोचा फोटो काढताना काच किंवा प्लॅस्टिक काढून, खिडकीशी, पण ऊन अंगावर न घेता, फोन वरून सपाट धरून. ट्यूबलाईटखाली काढले की मधोमध पांढरा पट्टा येतोच.

उनाडपाऊस | रात्री ९:०२

अवांतर: डॉक्युमेंट म्हणून पाठवलेल्या फोटोत तो कुठे काढला ते लोकेशनसुद्धा जातं, साध्या पद्धतीने पाठवला की व्हॉट्सॅप ते काढून टाकतं. जुन्या अल्बमला फरक पडत नाही पण नातवंडांचे घरातले, शाळेतले फोटो शंभर जणांच्या ग्रुपवर डॉक्युमेंट म्हणून टाकताना विचार करा. बाकी चालू द्या.

फिरस्ती_नानू | रात्री ९:३७

चिपळूण वाचून थांबलो. मी २००५ च्या पुरात पण होतो तिथे, २०२१ ला मदतीला आलो होतो. लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिरातली पुस्तकं दोन्ही वेळेला भिजली. तेव्हा दारोदार लोकांनी अल्बम उन्हात वाळत घातलेले बघून पोटात कालवत होतं, सांगायचा प्रयत्न केला पण चिखल उपसणाऱ्या माणसाला काय सांगणार. भिजलेले फोटो उन्हात घालायचेच नसतात, वाळताना एकमेकांना आणि वरच्या प्लॅस्टिकला चिकटतात आणि मग सोडवताना वरचा थर निघून येतो. ओले असतानाच स्वच्छ गार पाण्याच्या परातीत सोडवायचे, हलक्या हाताने चिखल जाऊ द्यायचा, पुसायचं नाही, तोंड वर करून सावलीत एकेक मांडायचे. लगेच जमणार नसेल तर मेणकागद घालून डीप फ्रीजरमधे, मग महिन्यांनी सुद्धा करता येतात.

वाशिष्ठीकाठ | रात्री १०:१९

नानू, वाचून रागच आला क्षणभर, तुमचा नाही, तसल्या सल्ल्यांचा. फ्रीजर कुठला हो? फ्रीज उलटा होऊन स्वयंपाकघरात आडवा तरंगत होता आणि लाईट किती दिवस नव्हती. प्यायचं पाणी टँकरचं, त्यात फोटो धुवायचे?

पण बरोबर आहे तुमचं. आम्ही तेच केलं, गच्चीवर उन्हात. रंगीत फोटोंचे ते चिकट पानांचे अल्बम होते ना, ज्याच्यावर प्लॅस्टिक ओढून बसवायचं, ते सगळे गेले, प्लॅस्टिक काढलं की चेहरा प्लॅस्टिकला आणि हातात कोरा कागद. माझं सगळं लहानपण त्यातलं. आणि गंमत म्हणजे सगळ्यात जुना अल्बम, काळ्या पानांचा, मधे बटर पेपर असलेला, कोपरे लावून फोटो बसवलेला, तो वाचला बऱ्यापैकी. बाबांनी क्लिक थ्री कॅमेऱ्यावर काढलेले आहेत त्यात, १२० चा रोल, एका रोलमधे बारा फोटो, त्यामुळे बाबा एकेक फोटो हिशोबाने काढायचे, डोळे मिटले तर मिटले. त्यातले २२ बरे आहेत, वळले आहेत, कडेला चिखलाची रेघ आहे.

पण त्या बावीस फोटोंत एक भानगड झाली. बाबा मागे शाईच्या पेनाने लिहून ठेवायचे. कोण, कुठे, साल. पुढचं वाचलं, मागची शाई धुवून गेली, नुसता निळा ढग. आणि नातेवाईकांनी जे ५८ पाठवले त्यांनी पण पुढूनच काढलेत, एकानेही उलटा करून मागचा काढला नाही, कोणाच्या डोक्यातच येणार नाही ना ते. बाबा आता नाहीत. म्हणजे फोटो आहेत आणि ही माणसं कोण ते सांगणारं कोणी नाही. आई म्हणते मी लग्न होऊन आले तेव्हा यातली निम्मी गेली होती.

कोरा_कागद | रात्री १०:३१

हे मात्र खरंच कधी सुचलं नव्हतं. आमच्याकडचे सगळे स्कॅन झालेत, ४०० फोटो, सगळे फक्त पुढून. मूळ कागद भावाकडे बेळगावला. उद्याच फोन करतो त्याला.

बेएरियाची_मावशी | रात्री ११:०५

बाबांच्या पिढीतलं कोणीच नाही का गं?

वाशिष्ठीकाठ | रात्री ११:२२

आहे ना. आत्या आहे गुहागरला, ८४ वर्षांची. डोळ्यांचं ऑपरेशन झाल्यापासून मोबाईल तिच्या हातातून सुटत नाही. मी तिला गेल्या वर्षी दहा-बारा पाठवले होते तर तिने टाईप काय करणार, व्हॉइस नोटा पाठवल्या, एकेक पाच-पाच मिनिटांची. कोण ते सांगता सांगता त्याच्या घरचं भांडण, फणस कोणी तोडला, कोर्टात काय झालं. मी तेव्हा कामात होते, दुप्पट स्पीडवर ऐकल्या आणि हो हो म्हटलं. लिहून काही घेतलं नाही. आता त्या नोटा शोधायच्या म्हणजे चॅट वर वर सरकवत बसायचं.

दुरुस्तीवाला | रात्री ११:३०

ताई चॅट नका सरकवू, फाईल मॅनेजरने जा. अँड्रॉईड, मग मीडिया, मग व्हॉट्सॅपचं फोल्डर, मीडिया, त्यात व्हॉट्सॅप व्हॉइस नोट्स. आत आकड्यांची फोल्डर दिसतील, वर्ष आणि आठवडा, आत पीटीटी नावाच्या फाईली, नावातच तारीख असते. सगळ्यांच्या एकत्र असतात, आत्याच्या वेगळ्या करून घ्याव्या लागतील. एक लक्षात ठेवा, गुगल फोटोज आवाजाच्या फाईल्स बॅकअप घेतच नाही, फक्त फोटो आणि व्हिडिओ. लोक समजतात सगळं वर गेलंय आणि फोन विकतात. त्या फाईली उचलून गुगल ड्राईव्हवर टाका, आणि ड्राईव्हवर टाकल्या म्हणून निर्धास्त राहू नका, एक कॉपी दुसऱ्या वस्तूवर आणि एक दुसऱ्या गावात ठेवा. तुम्हाला तर पुराचं सांगायला नको.

खटपट्या | रात्री ११:४१

+१. आणि माझा एक सल्ला: फोटोचं नाव बदला. आयएमजी-२०२१०८०३-डब्ल्यूए०००७ याला काही अर्थ नाही, ती तारीख पण व्हॉट्सॅपवर आलेल्या दिवसाची, फोटोची नाही. ०१, ०२ असे नंबर द्या आणि त्याच नंबरची आवाजाची फाईल. गुगल फोटोजमधे खाली कॅप्शन लिहायची सोय आहे पण उद्या टेकआऊट करून सगळं उतरवून घेतलंत तर ते कॅप्शन फोटोत येत नाही, शेजारी जेसन नावाच्या वेगळ्या फाईलीत येतं. फाईलीचं नाव मात्र कुठेही गेलं तरी बरोबर जातं.

सिंगलचहा | रात्री ११:४५

वाचनखूण साठवली. आज्जीला उद्याच पकडतो.

वाशिष्ठीकाठ | चार दिवसांनी, दुपारी ३:५०

अपडेट. शनिवारी पहाटेच्या एसटीने गुहागरला जाऊन आले. काळ्या अल्बममधले २२ बरोबर नेले, वहीत नंबर घातले, फोन मधे ठेवून रेकॉर्डर चालू केला आणि एकेक फोटो आत्याच्या हातात दिला. शिकलेल्या गोष्टी: पंखा बंद करावा, नाहीतर सगळीकडे घरघर येते. "हा कोण" असं विचारू नये, त्याचं उत्तर "तो रे आपला" असं येतं. "हा तुझा कोण लागतो आणि राहायचा कुठे" असं विचारायचं. आणि प्रत्येक फोटोच्या आधी आपण नंबर मोठ्याने बोलायचा, नाहीतर घरी येऊन "हिने नंतर विष घेतलं" हे नेमकं कोणाबद्दल ते कळत नाही (कळलं, नऊ नंबर. ते इथे लिहीत नाही).

२२ पैकी १९ लागले. मागे पेन्सिलीने लिहून टाकलं सगळं, आत्यानेच सांगितलं पेन्सिल वापर, शाई नको. तीन तास चाळीस मिनिटांचं रेकॉर्डिंग आहे, तीन ठिकाणी ठेवलंय, माझ्याकडे, ड्राईव्हवर आणि पुण्याला भावाकडे हार्डडिस्कवर. मस्कतच्या मामेभावाकडून ते हरवलेले तीन पण आले, डॉक्युमेंट म्हणून! आईला अजूनही सांगितलेलं नाही मी उडवले होते ते, आणि हा धागा ती वाचणार नाही अशी आशा आहे.

फिरस्ती_नानू | संध्याकाळी ५:०५

वा! उरलेले तीन कोण?

वाशिष्ठीकाठ | संध्याकाळी ५:४०

दोघं माहीत नाहीत, मुंबईचे पाहुणे असावेत. तिसरा म्हणजे १४ नंबर, आमच्या खळ्यात सायकल धरून उभा असलेला एक माणूस, पांढरा लेंगा, एकदम ऐटीत. घरात आमच्या सगळ्यांची पक्की समजूत की हे बाबांचे आजोळचे मामा, मी तर लहानपणी त्यांच्यावर निबंध लिहिलाय. गुढीपाडव्याला त्या फोटोला हार घातलेला आहे एक वर्ष.

आत्याने चष्मा वर करून दोन मिनिटं बघितलं आणि म्हणाली, "मामा कसला मेला. हा पाटपन्हाळ्याचा दूधवाला. तुझ्या बापसाला सायकलीचा फोटो काढायचा होता, तर हा हलेचना."

सिंगलचहा | संध्याकाळी ५:४३

=)) =)) हार!